एका विशेषणाची थकबाकी

हल्ली जळगावात काहीही अवघड राहिलेलं नाही. सगळं टफ झालं आहे.

दहावीचा गणिताचा पेपर टफ असतो, हे एक वेळ समजू शकतं. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्टेशनवरून चालत घरी येणं टफ असतं, भुसावळहून पुण्याचं रिझर्वेशन मिळणं टफ असतं, सुनेला सासू टफ असते आणि सासूला सूनही टफच असते. मध्यंतरी एका घरी पंचांग मिटता मिटता गुरुजी यजमानांना म्हणाले, "वैशाखात मुहूर्त जरा टफ आहेत." साक्षात शनी-मंगळांनी आयुष्यात कधी ऐकला नसेल असा शब्द! आमच्या घरीही वेगळा प्रकार नाही. आमची ही बाजारातून आली ती पिशवी आपटतच म्हणाली, "भरताची चांगली वांगी मिळणं आता टफ झालंय हं." ज्या जळगावच्या भरीत-वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या टंचाईला जळगावातच इंग्रजी विशेषण लागावं, म्हणजे मानांकनाचा उपयोग काय?

आता, मी कोण हे सांगितलं पाहिजे. मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. भाषाशास्त्राशी माझा संबंध चेकवरची अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळते की नाही, हे पाहण्यापुरताच. पण वीस-बावीस वर्षं तेच पाहिल्यामुळे डोळ्यांना खोड लागली आहे. अक्षरं एक सांगताहेत आणि आकडा भलतंच सांगतोय असं दिसलं, की हात आपोआप चेक परत करायच्या शिक्क्याकडे जातो. (१८८१ सालच्या आमच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं १८ वं कलम म्हणतं की असा फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी धरावी. आकड्यापेक्षा शब्द मोठा, असं बँकेतल्या कायद्यानं म्हणावं, हे साहित्यिकांना कुणीतरी कळवायला हवं. काउंटरवर मात्र आम्ही चेक परतच करतो.) तर हा 'टफ' मला तसला चेक वाटतो. दिसायला खणखणीत, सही जोरकस. पण वटवायला गेलं की रक्कम जुळत नाही.

समीक्षक पुस्तकाची करतात तशी मी आज या एका शब्दाची समीक्षा करणार आहे. पुस्तकाच्या समीक्षेत पहिला मान मुखपृष्ठाला असतो, म्हणून आधी स्पेलिंग.

टी-ओ-यू-जी-एच. यात 'फ' कुठे आहे? नाही. 'जी' आणि 'एच' मिळून 'फ' झाला आहे. बरं, मिळून 'फ' होतो असं म्हणावं, तर मागे 'टी'च्या जोडीला 'आर' आणि 'एच' बसवले की तेच शेपूट 'थ्रू'मध्ये 'ऊ' होतं, 'दो'मध्ये 'ओ' होतं, झाडाच्या फांदीला लावलं तर 'बाउ' होतं आणि खोकल्याला लावलं तर पुन्हा 'फ' होतं. आमच्या हायस्कूलचे इंग्रजीचे सर या शब्दांपाशी आले की खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "पाठ करा. कारण विचारू नका." पुढे कळलं की जुन्या इंग्रजीत या जागी घशातून निघणारा 'ख'सारखा एक आवाज होता. काळाच्या ओघात इंग्रजांचा घसा साफ झाला, आवाज गेला, पण अक्षरं तशीच राहिली. आमच्याकडे काही खात्यांचं असंच आहे. खातेदार गाव सोडून गेलेला असतो, खातं चालू असतं.

मुखपृष्ठ झालं. आता आशय.

माझा भाचा धुळ्याला इंजिनीअरिंग शिकतो. सुटीत आला तेव्हा जेवताना पोळी तोडत मी म्हटलं, "पोळी जरा हार्ड झालीय." (ही स्वयंपाकघरात होती.) भाचा म्हणाला, "मामा, हार्ड नाही, टफ झालीय. हार्ड असती तर कडकन मोडली असती. ही मोडत नाही, नुसती ताणली जातेय."

मी घास तसाच ठेवला. म्हटलं, "पुन्हा सांग."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. काच हार्ड असते. तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण हातोडी बसली की खलास. चामडं हार्ड नसतं, नखानंही त्यावर रेघ उठते. पण मारा, पिळा, ओढा, तुटणार नाही. ते टफ. त्यांच्या प्रयोगशाळेत हे मोजायचं एक यंत्र असतं. लंबकासारखा एक जड हातोडा उंचावरून सोडतात, मध्ये खाच पाडलेला लोखंडाचा तुकडा असतो. हातोडा तुकडा मोडून पलीकडे वर जातो. तो पलीकडे किती वर गेला ते बघायचं. जेवढा कमी वर गेला, तेवढा त्याचा जोर तुकड्यानं खाल्ला. जितका जोर खाल्ला, तितका तुकडा टफ.

"म्हणजे," मी म्हटलं, "टफ कोण? हातोडा की तुकडा?"

"तुकडा, मामा! हातोडा कशाला टफ?"

मंडळी, इथे माझा चेक परत आला. आपण इतकी वर्षं हातोड्याला टफ म्हणत होतो. पेपर टफ, काळ टफ, परिस्थिती टफ. आणि शब्दाचा मूळ धनी तर मार खाणारा! इंग्रजांनी हा शब्द मुळात चामड्याला, दोराला, शिजता न शिजणाऱ्या मांसाला आणि न खचणाऱ्या माणसाला लावला. अवघड कामाला तो लावायला त्यांना सतरावं शतक उजाडावं लागलं. पुढे त्यांच्या इथे दोन्ही अर्थ एका खोलीत भाड्यानं राहू लागले. व्यायामशाळेच्या भिंतीवर दंड फुगवलेल्या माणसाच्या चित्राखाली ती म्हण असते ना, वेळ टफ आली की टफ माणसं कामाला लागतात म्हणून. तिच्यात पहिला टफ हातोडा आहे आणि दुसरा तुकडा. म्हण वाजते छान, पण त्या तुकड्याचं पुढे काय झालं हे भिंतीवर लिहिलेलं नसतं.

मराठीनं हे दोन भाडेकरू कधी एका खोलीत ठेवले नाहीत. आपल्याकडे संकट कठीण असतं आणि माणूस खंबीर असतो. वाट खडतर असते, चालणारा काटक असतो. आणि ज्याला भाच्याच्या यंत्रात घालून टफ ठरवता येईल, त्याला आपण चिवट म्हणतो. केळीच्या बुंध्याचं सोपट वाळलं की त्याचा दोर होतो. फुलांचा गजरा बांधा, गाठोडं बांधा, तुटत नाही. ते सोपट चिवट. वसुलीला गेलं की चहा पाजून, मुलाबाळांची चौकशी करून, एक पैसा न देता वाटेला लावणारा थकबाकीदारही चिवट. यातला एकही शब्द संकटाला लागत नाही. 'पेपर चिवट होता' म्हणून बघा. परीक्षा द्यायची होती की पेपर चघळायचा होता, असं लोक विचारतील.

हे फक्त माणसापुरतं झालं. संकटाच्या बाजूला तर मराठीची श्रीमंती इतकी, की गरिबीवर एवढे शब्द असणारी भाषा गरीब कशी म्हणायची, असा प्रश्न पडावा.

'अवघड'च घ्या. हा वाटेचा शब्द. हिंदीत नदीच्या वाईट उतारावरच्या घाटाला 'औघट' म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना जो घाट लागतो तो हा शब्द समजून घ्यायची उत्तम जागा. सरकारी कागदावर तो औट्रम घाट. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला मिळालं आहे. त्या घाटात वळणावर गाडी आली, की पोटात जे होतं ते अवघड. पुढचं दिसत नाही, मागे फिरता येत नाही, थांबायला जागा नाही. पण वळण संपलं की अवघड संपलं. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं या घाटातून जड वाहनांना बंदी झाली. जड वाहनांना अवघड घाटात बंदी. मराठीचा हा केवढा काटेकोर हिशोब! यातल्या दोन्ही विशेषणांच्या जागी टफ घालून पाहा: टफ वाहनांना टफ घाटात बंदी. मग जायचं कुणी?

शिवाय 'अवघड'चं पोट केवढं मोठं आहे. मांडी घालून बसून पाय बधिर झाला की तो अवघडतो. चारचौघांत कुणी तुमच्या पगाराचा आकडा विचारला की तुम्ही अवघडता. आणि आठवा-नववा महिना लागलेली बाई अवघडलेली असते. त्या एका शब्दात तिचं चालणं, बसणं, उठताना जमिनीवर टेकलेला हात, सगळं आलं. टफ झालेली बाई म्हटलं तर डोळ्यांपुढे हातात लाटणं येतं.

'कठीण' हा स्पर्शाचा शब्द. दगड कठीण, नारळाची कवटी कठीण. पण त्याचा खरा थाट संभाषणात. मित्रानं तासभर आपला धंद्याचा बेत सांगितला, आणि आपण एक सुस्कारा सोडून म्हटलं, "कठीण आहे तुमचं!" की त्यात सहानुभूती, निराशा आणि थोडी मजा असं तिन्ही येतं. 'खडतर' पायाखालच्या खड्यांचा. तो तपश्चर्येला आणि साडेसातीला शोभतो, किराणा बिलाला नाही. 'बिकट' आणि 'हलाखी'ची पाळी आली की समजावं, प्रकरण वृत्तपत्रात जायच्या लायकीचं झालं.

आणि 'बेताची'! "परिस्थिती बेताची आहे हो." वधूवरांच्या चिठ्ठ्यांपासून शाळेच्या फी-माफीच्या अर्जांपर्यंत हा शब्द फिरला आहे. परिस्थिती वाईट आहे असं तो म्हणत नाही. बेत केलेला आहे, त्या बेतात ती बसवलेली आहे, फक्त बेतच लहान कापडाचा आहे. इतकं अब्रूदार विशेषण जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. (मला इतर भाषा येत नाहीत, त्यामुळे हे मत ठाम आहे.)

इंग्रजी शब्दांचा मी वैरी नाही. 'टाईट' हा मी आनंदानं वापरतो. महिन्याच्या तेवीस तारखेला "सध्या जरा टाईट आहे" असं म्हटलं, की खिशाचं नेमकं वर्णन होतं. एकदा एका शाखेत दक्षिणेकडून नवे साहेब आले होते. मराठी शिकायचा त्यांना फार उत्साह. सकाळी साडेदहाला एक वयस्कर खातेदार हप्त्याची मुदत मागायला आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, सध्या जरा टाईट आहे." साहेबांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग शिपायाला खूण केली की यांना रिक्षात बसवून घरी पाठवा. शब्द दोन घरी नांदायला लागला की असे घोटाळे व्हायचेच.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. मराठी धातूंची मुळं खणण्यात त्या माणसानं हाडं झिजवली. ते आज असते, तर 'टफ'चं मूळ त्यांनी थेट पाणिनीपर्यंत नेलं असतं आणि इंग्रजांनी तो आपल्याकडूनच नेला असं सिद्ध करून दिलं असतं. मग मला हा लेख लिहावा लागला नसता. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. तिथल्या कुणी हे काम मनावर घ्यावं.

आमच्या विद्यापीठाचीही गंमत आहे. मी शिकलो तेव्हा ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं. शेत आणि जातं यांच्या मध्ये जे सुचलं ते तिनं म्हटलं, ते मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवलं, आणि १९५१ साली ती गेल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक आलं. सगळा जन्म जिनं हातोड्याखाली काढला, तिला 'टफ' हा शब्द ठाऊक नव्हता, आणि अडलं काहीच नाही. तिच्या नावाच्या विद्यापीठाचा पेपर देऊन बाहेर पडणारी पोरं आता पायऱ्यांवर एकमेकांना विचारतात, "कसा होता?" उत्तर एकच. अकाउंट्सचाही तोच, मराठीचाही तोच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, गेला एक शब्द, आला एक शब्द. कारकुनानं एवढं मनाला का लावून घ्यावं? त्याचं कारण काउंटरवर आहे.

चोपडा तालुक्यातले एक केळीवाले आबा आमच्याकडे येत. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं आणि घडांनी लगडलेली बाग आडवी झाली. केळीचं हे असंच असतं. झाड म्हणायचं, पण आत लाकूड नाही. वारा जोराचा आला की उभी बाग दहा मिनिटांत चटईसारखी जमिनीवर. आबा काउंटरला आले, टोपी काढून कडप्प्यावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, दोन हप्ता भरात. आते जड जास."

मी विचारलं, "आबा, किती जड?"

"निम्मा करी द्या. तेवढा उचली लिसू."

आता या संवादाकडे नीट बघा. आबांनी 'जड' म्हटलं. जड हा ओझ्याचा शब्द. ओझं म्हटलं की 'किती' हा प्रश्न आपोआप तोंडात येतो, आणि 'किती' आला की आकडा येतो. ज्यानं आयुष्यभर घड पाठीवर वाहिले, त्याला आपण किती उचलू शकतो हे बरोबर ठाऊक असतं. 'जड' म्हणणाऱ्यानं उचलायला नकार दिलेला नसतो. त्याचं म्हणणं एवढंच, की थोडं कमी करा. आणि बँकेत यासाठी चक्क तरतूद असते. नैसर्गिक आपत्तीत पीक गेलं तर कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून द्यायची. पूर्वी त्याला निम्मं पीक गेलेलं लागे. २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं ती अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. म्हणजे मुंबईच्या त्या उंच इमारतीतसुद्धा कुणीतरी 'किती जड?' हाच प्रश्न विचारला होता. आबांचं प्रकरण त्यात बसलं. पंचनामा झाला, सह्या झाल्या, हप्ता हलका झाला.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा वेळ आली. या खेपेला आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून मुलगा आला. पदवीधर, नीटनेटका, बोलायला चुणचुणीत. मी रजेवर होतो, तो थेट आत अधिकाऱ्यांकडे गेला. नंतर शिपायानं मला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

मुलगा म्हणाला, "सर, सिच्युएशन खूप टफ आहे."

आता याला पुढचा प्रश्न काय? 'किती टफ?' असं कुणी विचारत नाही. टफला वजन नाही, लांबी नाही, टक्केवारी नाही. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते मनापासून म्हणाले, "अहो, टफ तर सगळ्यांनाच आहे. अशा वेळी आपणच टफ व्हायचं असतं." त्यांनी मुलाला चहा पाजला, आपल्या पहिल्या पोस्टिंगच्या हालअपेष्टा ऐकवल्या, खांद्यावर थाप मारली. मुलगा धीर घेऊन घरी गेला. हप्ता होता तेवढाच राहिला.

यात साहेबांनी जे केलं, ते त्या शब्दानंच करायला लावलं असं माझं मत आहे. 'जड' म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात ओझ्याकडे जातो. 'अवघड' म्हटलं की तो वळणापुरता हात देतो. 'बेताची' म्हटलं की निदान आवाज खाली करतो. 'टफ' म्हटलं की मात्र तो ओझ्याकडे बघतच नाही, उचलणाऱ्याच्या दंडाकडे बघतो. हातोडा आणि तुकडा एकाच नावाचे झाले, की हातोडा हळू मारा असं कुणाला सांगणार? तुकड्यालाच सांगायचं, घट्ट राहा.

सरकारचा रोग याच्या उलटा. तिथे शब्द कडक होण्याऐवजी मऊ होत जातो. महाराष्ट्रात १९६३ साली एक कायदा झाला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून दुष्काळासाठीचा 'फॅमिन' हा शब्द काढून त्या जागी टंचाई आणायची, एवढंच त्याचं काम. शब्द गेला. नऊ वर्षांनी, १९७२ साली, कायदा न वाचलेला दुष्काळ आला. २०१८च्या ऑक्टोबरात तर आठवड्याभरात दोन घोषणा झाल्या. आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती, मग १५१ तालुक्यांत दुष्काळ. मधल्या आठवड्यात जी बैलजोडी विकली गेली ती दुष्काळात विकली की सदृशात, हे तिच्या मालकानं कुणाला विचारावं? आम्ही बँकवालेही धुतल्या तांदळाचे नाही. १९८५ सालच्या रिझर्व्ह बँकेच्या हेल्थ कोडमध्ये कर्जखात्यांचे आठ वर्ग होते; त्यात काही खाती 'सिक' होती, काही 'स्टिकी'. खातं आजारी, खातं चिकट. खात्याला ताप आला की आम्ही सर्क्युलर काढतो. खातेदाराच्या तापाला कोड नव्हता.

पण समीक्षकानं एकतर्फी लिहू नये म्हणतात, म्हणून 'टफ'ची एक जमेची बाजू लिहितो. शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी काही महिने होतो. पाचोऱ्याकडची एक मुलगी आली होती. नर्सिंगला नंबर लागलेला. बरोबर वडील, गप्प, अंगठ्यानं पिशवीचा बंद गुंडाळत बसलेले. मी विचारलं, घरचं कसं काय? वडील तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "थोडं टफ आहे, सर." आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांना 'बेताची' म्हणावं लागलं नाही. आजूबाजूला चार लोक होते. 'बेताची' कितीही अब्रूदार असला तरी सगळ्यांना कळतो. 'टफ'मध्ये कुणाचं घर दिसत नाही. पेपरही टफ, परीक्षाही टफ, तसंच घर थोडं टफ. त्या मुलीनं त्या शब्दाचा पडदा केला होता, आणि पडद्याची गरज असते हे मला मान्य आहे. मी पुढचे प्रश्न हळू आवाजात विचारले आणि मग उत्पन्नाचा आकडा, जमिनीचा उतारा, सगळं निघालं. तेव्हा 'टफ'चं खातं बंद करा असं मी म्हणत नाही. बचत खातं असू द्यावं. ओव्हरड्राफ्ट मात्र देऊ नये. सध्या त्याच्या नावावर अवघड, कठीण, जड, बिकट, खडतर या पाच खातेदारांची शिल्लक वळती झालेली आहे, आणि त्याचं तारण काय, तर एक 'फ', तोही स्पेलिंगमध्ये नसलेला.

आबांच्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी रजेवरून आल्यावर त्याला फोन करून बोलावून घेतलं. म्हटलं, "टफ वगैरे राहू दे. आबा काय म्हणतात?" तो जरा घुटमळला, मग हसून म्हणाला, "आबा म्हणतात, हप्ता जड शे." "किती?" "तिसरा हिस्सा कमी झाला तर झेपेल." मी अर्ज घेतला, तलाठ्याचा दाखला जोडला, आणि कॉम्प्युटरवर प्रकरण भरायला बसलो. सगळं भरून झालं. शेवटी एक रकाना आला: अडचणीचं कारण. तिथे लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. मी यादी उघडली. 'फायनान्शियल स्ट्रेस', 'कॅश फ्लो मिसमॅच', 'टफ मार्केट कंडिशन्स', 'अदर्स'. चारदा वरखाली केली. 'जड' नव्हतं. मी 'अदर्स'वर टिचकी मारली आणि पुढे शेऱ्याची एक बारीकशी चौकट उघडली, वीस अक्षरांची. तिच्यात मराठी टाइप होतं की नाही हे बघायला शाखेतले तिघेजण माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.